समजून घ्या : ‘रसेल्स व्हायपर’मधले रसेल कोण? त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आजही महत्त्वाचं का?

घोणस या विषारी सापाला इंग्रजीत ‘रसेल्स व्हायपर’ म्हणतात. हे नाव डॉ. पॅट्रिक रसेल यांच्यावरून पडलं. साप विषारी आहे की बिनविषारी, हे नुसतं बघून ओळखता येईल का, या प्रश्नावर त्यांनी भारतात काम केलं. पावसाळा आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच प्रश्न फिरतो.

अलेप्पो ते विशाखापट्टणम

रसेल मूळचे स्कॉटलंडमधल्या एडिंबराचे. सीरियातल्या अलेप्पो शहरात ते अनेक वर्षं डॉक्टर होते. तिथे त्यांनी प्लेगची मोठी साथ जवळून पाहिली. १७८१ मध्ये भाऊ क्लॉड यांच्यासोबत ते विशाखापट्टणमला आले. १७८५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मद्रास इलाख्याचे निसर्गतज्ज्ञ नेमलं. काम वनस्पतींचंही होतं, पण सर्पदंशाचा प्रश्न त्यांनी मनावर घेतला.

ओळखायचं कसं?

रसेल यांनी लोकांकडून साप मिळवले, त्यांची स्थानिक तेलुगू नावं नोंदवली आणि पोटावरचे, शेपटीखालचे खवले मोजले. रंग, आकार किंवा खवल्यांची संख्या यावरून सगळे विषारी साप वेगळे काढता येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. खात्रीची खूण तोंडात होती, ती म्हणजे विषदंत.

कारण शरीररचनेत आहे. डोळ्यामागच्या ग्रंथीत विष तयार होतं. लाळग्रंथीच बदलून ती बनलेली असते. तिथून विष नळीवाटे दातात येतं. घोणशीचे लांब, पोकळ विषदंत एरवी टाळूला घडी होऊन असतात आणि चावताना पुढे येतात. नागाचे विषदंत आखूड आणि स्थिर असतात. म्हणजे खरी खूण बघायला सापाचं तोंड उघडावं लागतं!

‘रामबाण’ गोळीची परीक्षा

त्या काळी तंजावरची एक गोळी सर्पदंशावर प्रसिद्ध होती. तिच्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल असायचा. रसेल यांनी कोंबड्या आणि कुत्र्यांना साप चाववून लक्षणं टिपली आणि औषधं तपासली. गोळी हमखास उपाय ठरली नाही. बिनविषारी साप चावलेला माणूस काही न करताही बरा होतो. श्रेय मात्र औषधाला मिळतं.

नाव कसं मिळालं?

रसेल यांचा भारतीय सापांवरचा सचित्र ग्रंथ १७९६ मध्ये लंडनला आला. त्यात घोणस ‘कटुक रेकुल पोडा’ या तेलुगू नावाने होती. पुढच्याच वर्षी, १७९७ मध्ये, जॉर्ज शॉ यांनी तिला रसेल यांचं शास्त्रीय नाव दिलं.

१८०४ मध्ये रसेल आणि शल्यचिकित्सक एव्हरार्ड होम यांनी नागाचा फणा समजावून सांगितला. मानेतल्या लांब बरगड्या स्नायूंनी उचलल्या जातात आणि कातडी ताणली जाते. २ जुलै १८०५ रोजी रसेल यांचं निधन झालं. ग्रंथाचे उरलेले भाग १८०९ पर्यंत येत राहिले.

आज याचा उपयोग काय?

‘त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. पण नाग आणि मण्यार यांचं डोकं तसं नसतं, तरी ते जीवघेणे आहेत. उलट डुरक्या घोणस दिसते घोणशीसारखी, पण ती बिनविषारी आहे.

घोणशीचं विष रक्त गोठवणाऱ्या घटकांवर हल्ला करतं. ते घटक संपले की रक्त गोठतच नाही, रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात. रसेल यांच्या काळात यावर औषध नव्हतं. आता नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारं एकच अँटिव्हेनम मिळतं. तरीही एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक दगावले.

म्हणून साप चावला तर :

- तो ओळखण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका.
- चिरा देऊ नका, विष चोखू नका, करकचून बांधू नका.
- चावलेला हात किंवा पाय शक्यतो हलवू नका.
- मांत्रिकाकडे नाही, थेट रुग्णालयात जा.