स्वामी रामानंद तीर्थ

कळमनुरी तालुक्यातील विद्यार्थ्यांना पैनगंगा ही आज दोन जिल्ह्यांमधील सीमा म्हणून परिचित आहे. १९४७-४८ मध्ये मात्र ती दोन सत्तांची सीमा होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, तर पलीकडे स्वतंत्र भारताच्या कारभाराखालील वऱ्हाड. संस्थानातील मुक्तिलढ्याचे नेतृत्व एका संन्याशाकडे होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापूर, अमळनेर व पुणे येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यासमवेत काही काळ काम केले. १९२९ मध्ये ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले. पुढे संन्यास घेऊन त्यांनी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. १९३५ पासून अंबाजोगाईच्या शाळेत अध्यापन केले. संस्थानातील बहुसंख्य प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी व कन्नड. राज्यकारभार आणि उच्च शिक्षण मात्र उर्दूत. अशा राज्यात मराठी शाळा चालविणे ही केवळ शैक्षणिक कृती राहत नाही.

१९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी आली. सत्याग्रहात स्वामीजींना कारावास घडला. ही बंदी १९४६ मध्ये उठली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकविताच त्यांना अटक झाली. नोव्हेंबरअखेर सुटका आणि जानेवारीत पुन्हा अटक! तोवर दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने सीमेवर सशस्त्र केंद्रे उभारली होती. पैनगंगेपलीकडील उमरखेड हे त्यांपैकीच एक. गांधीजींना मानणाऱ्या संन्याशाने शस्त्रांना संमती कशी दिली, हा प्रश्न टाळता येत नाही. रझाकारांच्या अत्याचारांपुढे निःशस्त्र गावांना केवळ सहन करावयास सांगणे त्यांना अन्यायाचे वाटले असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. व्यक्तिगत व्रत आणि लोकांवर येणारी जबाबदारी यांत त्यांनी भेद केला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि स्वामीजी मुक्त झाले. पुढे ते १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून व १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी तुरुंगवास भोगला, ते राज्यच भाषावार विसर्जित व्हावे, असा आग्रह त्यांनी धरला. अनेक सहकाऱ्यांना तो रुचला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे निधन झाले.