संगणकातल्या पतंगाचा किस्सा जगभर नेणाऱ्या ग्रेस हॉपर लोकांना ३० सेंटीमीटरची तार का वाटायच्या?

तुमचा एखादा मित्र सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट चालतंय ही तक्रार तुम्ही ऐकली असेलच. खरंच चालत असतं. पण तोच प्रोग्रॅम दूरच्या डेटा सेंटरमधल्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या अनेक संगणकांवर चढवला, की गडबड सुरू होते. मशीन शेकडो किलोमीटर लांब, डोळ्यांना दिसत नाही. मग चूक शोधायची कशी?

चूक शोधून दुरुस्त करण्याच्या या कामाला डीबगिंग म्हणतात. आणि डीबगिंगचा विषय निघाला की ग्रेस हॉपर यांचं नाव येतंच.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. लहानपणी गजराचं घड्याळ चालतं कसं हे बघायला तिने ते खोललं. परत जोडता येईना म्हणून दुसरं खोललं. आईच्या लक्षात येईपर्यंत ७ घड्याळं खोलून झाली होती. पुढे याच मुलीने १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली आणि वासर कॉलेजात शिकवलंही.

मग दुसरं महायुद्ध आलं. हॉपर यांनी नौदलात जायचं ठरवलं. पण वय तिशी ओलांडून पुढे गेलेलं आणि वजन नियमापेक्षा कमी. तरी खास परवानगी मिळवून त्या भरती झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डला पोहोचल्या. तिथे होता मार्क वन, ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच संगणक. युद्धासाठी लागणारी आकडेमोड त्यावर चालायची. अणुबॉम्बच्या रचनेसाठीचं एक गणितही त्यावर सोडवलं गेलं. थोडक्यात, इथे चुकीचा आकडा परवडणारा नव्हता.

तेव्हा चूक शोधायची म्हणजे थेट मशीनच्या पोटात डोकवायचं. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू बिघडला, तेव्हा ७० नंबरच्या रिलेमध्ये एक पतंग, म्हणजे दिव्याभोवती फिरतो तो किडा, अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला गेला आणि खाली नोंद झाली.

बग हा शब्द हॉपर यांनी शोधला असं सोशल मीडियावर फिरतं, पण ते खरं नाही. एडिसनच्या काळापासून इंजिनिअर मंडळी हा शब्द वापरत होती. पतंगही मशीन चालवणाऱ्यांना सापडला. हॉपर यांनी तो किस्सा रंगवून जगभर सांगितला. नोंदवहीचं ते पान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.

या किश्शात पतंगापेक्षा महत्त्वाची आहे ती नोंदवही. आजही दूरच्या क्लस्टरमध्ये काय बिघडलं हे कळायचा पहिला मार्ग तोच. कोणत्या क्षणी काय घडलं हे मशीन स्वतः लिहून ठेवतं, त्याला लॉग म्हणतात.

१९५२ मध्ये हॉपर यांनी ए-झिरो हा सुरुवातीचा कंपायलर तयार केला. संगणक फक्त आकडेमोड करू शकतो, प्रोग्रॅम जुळवू शकत नाही, असं तेव्हा अनेकांचं मत होतं. हॉपर मागे हटल्या नाहीत. त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेच्या पायावर १९५९ मध्ये कोबोल उभी राहिली, जी आजही बँकांमध्ये वापरात आहे.

१९७० च्या दशकात त्या नौदलात सांगू लागल्या की एका अवाढव्य मशीनऐवजी छोट्या संगणकांचं जाळं वापरा. म्हणजे आजच्या क्लस्टरच्याच दिशेचा विचार. पण जाळं आलं की अंतर आलं. ते समजावण्यासाठी त्या भाषणात साधारण ३० सेंटीमीटरची तार वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त तेवढाच जातो. शाळेतली मोठी पट्टी असते ना, तेवढंच.

आता आजचं बघू. मोठ्या अ‍ॅपमध्ये डझनावारी छोट्या सर्व्हिस असतात. सगळ्या लॅपटॉपवर मावत नाहीत. म्हणून बिघडलेली एकच सर्व्हिस लॅपटॉपवर चालवतात आणि सुरक्षित बोगद्यातून टेस्टिंगच्या क्लस्टरला जोडतात. क्लस्टरला वाटतं, ती आपल्यातच आहे. प्रोग्रॅमरला मात्र हव्या त्या ओळीवर ती थांबवून आत काय चाललंय ते बघता येतं.

पण बोगद्याने अंतर मिटत नाही. क्लस्टर ३,००० किलोमीटर फायबरवर असेल, तर निरोप जाऊन यायला किमान ३० मिलिसेकंद लागतात, म्हणजे ३ कोटी नॅनोसेकंद. प्रोग्रॅम एकामागून एक १०० वेळा डेटा मागत असेल, तर ३ सेकंद नुसत्या प्रवासातच गेले. सगळं एकाच मशीनवर असताना ही चूक दिसतच नाही. म्हणून अशा वेळी आधी फेऱ्या मोजायच्या, मग कोडला दोष द्यायचा.

हॉपर १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. अमेरिकेच्या नौदलाने एका विनाशिकेला त्यांचं नाव दिलं. त्या जहाजाचा क्रमांक आहे ७०. पतंग सापडला त्या रिलेचाही तोच होता.