आल्बर्ट ससून

सर आल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून (जन्म : २५ जुलै १८१८, बगदाद, मृत्यू : २४ ऑक्टोबर १८९६, ब्रायटन, इंग्लंड) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे बगदादी ज्यू व्यापारी, उद्योजक आणि दानशूर गृहस्थ होते. मुंबईच्या कुलाबा भागातील ससून गोदी त्यांच्या कारकिर्दीत बांधली गेली. कापसाच्या निर्यातीसाठी उभारलेली ही गोदी पुढे शहरातील मासळी उतरविण्याचे प्रमुख बंदर बनली.

प्रारंभिक जीवन

आल्बर्ट यांचे मूळ नाव अब्दुल्ला. त्यांचे वडील डेव्हिड ससून बगदादमधील प्रतिष्ठित ज्यू कुटुंबातील होते. तेथील राज्यकर्त्याच्या जाचामुळे डेव्हिड यांना शहर सोडावे लागले. इराणच्या आखातावरील बुशहर येथे काही काळ राहून १८३२ च्या सुमारास ते मुंबईस आले आणि त्यांनी डेव्हिड ससून आणि कंपनी ही पेढी स्थापन केली. कापूस, सूत, कापड आणि अफू यांचा व्यापार करणाऱ्या या पेढीच्या शाखा चीनपर्यंत पसरल्या. चीनमध्ये जाणाऱ्या माळव्याच्या अफूचा पेढीच्या भरभराटीत मोठा वाटा होता. १८६४ मध्ये डेव्हिड यांचे निधन झाल्यावर पेढीची सूत्रे ज्येष्ठ पुत्र आल्बर्ट यांच्याकडे आली. मुंबईत कापडगिरणी काढून त्यांनी व्यापारास उद्योगाची जोड दिली.

गोदीची पार्श्वभूमी

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातमधील कापसाची मागणी त्यामुळे एकाएकी वाढली. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटींची वर्दळ वाढली. मुंबईला नैसर्गिक बंदर लाभले असले, तरी मोठी जहाजे खोल पाण्यात नांगरून माल लहान होड्यांतून किनाऱ्यावर न्यावा-आणावा लागे. त्यात वेळ जाई आणि मालाची नासाडीही होई.

त्या काळी कापसाचा बाजार कुलाब्यात भरत असे. तेथेच समुद्रात भराव घालून ससून पेढीने गोदी बांधली. ती १८७५ मध्ये पूर्ण झाली. पश्चिम भारतातील ही पहिली ओली गोदी मानली जाते. ओहोटीच्या वेळीही जहाज तरंगत राहील एवढे पाणी ज्या गोदीत राखले जाते, तिला ओली गोदी म्हणतात.

सार्वजनिक मालकी

बंदराचा किनारा खाजगी कंपन्यांच्या हाती असावा की सार्वजनिक संस्थेच्या, हा त्या वेळी मुंबईत वादाचा विषय होता. पूर्व किनाऱ्यावर भराव घालणाऱ्या एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता सरकारने विकत घेतली आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. ससून गोदीही १८७९ मध्ये सार्वजनिक मालकीत आली. पुढील वर्षी प्रिन्सेस गोदी खुली झाली आणि मोठ्या जहाजांचा व्यापार हळूहळू उत्तरेकडील नव्या गोद्यांकडे वळला.

दानकार्य आणि सन्मान

पुण्याचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले, तर मुंबईतील डेव्हिड ससून ग्रंथालयाची मूळ कल्पना आल्बर्ट यांची होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलच्या इमारतीसाठी आल्बर्ट यांनी मोठी देणगी दिली. १८७९ मध्ये त्यांच्या देणगीतून प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा बसविण्यात आला. त्यावरूनच त्या परिसरास काळा घोडा हे नाव पडले. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलविण्यात आला, तरी नाव कायम राहिले. आल्बर्ट यांना १८७२ मध्ये सर ही पदवी, १८७३ मध्ये लंडन शहराचे सन्माननीय नागरिकत्व आणि १८९० मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. आयुष्याचा उत्तरकाळ त्यांनी इंग्लंडमध्ये व्यतीत केला.

गोदीचे नंतरचे स्वरूप

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कापसाची वखार कुलाब्याहून शिवडीस गेली आणि ससून गोदीचे मूळ प्रयोजन संपले. कालांतराने तेथे मासेमारी नौकांना जागा मिळाली. गोदी सार्वजनिक मालकीची असल्याने तिच्या उपयोगात असा बदल होणे सुकर झाले. कोळी हे मुंबईच्या बेटांचे जुने रहिवासी असून कुलाबा हे नावही त्यांच्यावरूनच पडल्याचे मानले जाते. भराव आणि गोद्यांमुळे त्यांच्या वापरातील किनारा आक्रसत गेला होता. व्यापारासाठी बांधलेल्या एका गोदीत त्यांना पुन्हा स्थान मिळाले.

पहाटे नौका धक्क्याला लागल्यावर येथे मासळीचा लिलाव होतो. शहरातील कोळीवाड्यांतून आलेल्या कोळणी मासळी विकत घेऊन बाजारात नेतात. कोळंबी सोलणे, बर्फ पुरविणे, जाळी विणणे आणि हमाली यांवरही अनेकांचा उदरनिर्वाह चालतो. यांत्रिक ट्रॉलरांची संख्या वाढल्यापासून लहान होड्यांच्या पारंपरिक मच्छीमारांना समुद्रात आणि धक्क्यावर त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते. म्हणून गोदीच्या आधुनिकीकरणाची चर्चा निघते तेव्हा लहान होड्यांना धक्क्यावर जागा आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांना निवारा, पाणी व स्वच्छतागृहे मिळणे, हे मुद्दे इमारती आणि यंत्रसामग्रीइतकेच महत्त्वाचे ठरतात.

मच्छीमारांसाठी बंदर बांधणे हा आल्बर्ट ससून यांचा हेतू नव्हता. तथापि, त्यांच्या पेढीचा व्यापार लयास गेल्यानंतरही ससून हे नाव मुंबईच्या मासेमारीशी जोडलेले राहिले आहे.