काँगॉची टेकडी जिंकणारे जनरल थोरात आणि दिल्लीने न ऐकलेला इशारा

भंडारा : साकोली, लाखांदूरच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना शिवरायांचे मावळे तोंडपाठ असतात. पण लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे नाव क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

थोरात कोल्हापूरकडचे, जन्म 1906 चा. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला शिकून 1926 मध्ये ते फौजेत अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या अराकान किनाऱ्यावर जपान्यांची माघारीची वाट अडवायची होती. जानेवारी 1945 मध्ये ब्रिटिश कमांडो होड्यांमधून काँगॉजवळ उतरले आणि 170 नंबरची टेकडी धरून बसले. त्यांच्या मदतीला आपली 51 वी ब्रिगेड गेली. तिच्या तिन्ही पलटणींचे कमांडर भारतीय होते : थिमय्या, सेन आणि थोरात. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. मेलरोज नावाच्या टेकडीवर जपानी खंदक खोदून बसलेले. थोरातांच्या पंजाबी पलटणीने संगिनी लावून चढाई केली, हातघाईची लढाई झाली आणि टेकडी घेतली. माणसं खूप पडली. या पराक्रमासाठी थोरातांना डी. एस. ओ. हे मोठं पदक मिळालं.

युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला. 1953 मध्ये कोरियात मायदेशी जायला नकार देणारे 22 हजारांवर युद्धकैदी सांभाळायला भारताची फौज गेली, तिचे प्रमुख थोरातच. कैद्यांनी आपल्या एका मेजरला पकडून ठेवलं, तेव्हा साहेब स्वतः कुंपणाच्या आत गेले, कैद्यांशी बोलले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. आम्हाला विचाराल तर काँगॉपेक्षा हे धाडस मोठं.

पुढे ते पूर्व विभागाचे प्रमुख झाले. चीन नेफात उतरला तर काय, याचा त्यांनी 1959 मध्ये आराखडा करून वर पाठवला. सीमेवर फक्त टेहळणीच्या चौक्या ठेवा आणि खरी लढाई मागे द्या, जिथे आपले रस्ते आणि रसद पोहोचते, असं त्यांचं म्हणणं. मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन त्यांनी ते अधिकाऱ्यांसमोर मांडलंही. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटलं नाही. थिमय्यांनी आपल्यानंतर लष्करप्रमुख म्हणून थोरातांचं नाव सुचवलं होतं, पण पद थापर यांना मिळालं. 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले.

पुढच्याच वर्षी तवांग गेलं, बोमडिला गेलं. तेव्हा नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावून घेतलं आणि तो जुना आराखडा समजून घेतला. राष्ट्रीय संरक्षण परिषदेवरही त्यांना घेतलं. आपल्या जवाहरनगरची आयुध निर्माणी त्याच साठच्या दशकातली.

नंतर थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. हो, आज गावोगावची मुलं ज्याची परीक्षा देतात तोच आयोग. आपली हकीकत त्यांनी पुस्तकात लिहून ठेवली आणि ऑगस्ट 1992 मध्ये त्यांचं निधन झालं.