मेटल डिटेक्टरमध्ये कोणती बॅटरी टाकावी? उत्तर आहे १८६६ च्या काचेच्या बरणीत

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबमध्ये एखाद्या कार्यक्रमाच्या प्रवेशद्वारावर हातातला मेटल डिटेक्टर मध्येच गप्प झाला, तर काय करणार? जवळच्या दुकानातून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणणार. मिळेल ती. कार्यक्रम निभावतो, पण पुढच्या वेळी झाकण उघडलं की आतले पत्रे गंजलेले दिसतात. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर जॉर्ज लेक्लांशे यांच्याकडे जावं लागतं. बारावीच्या रसायनशास्त्रात ज्यांचा सेल आपण पाठ केला, तेच हे.

लेक्लांशे १८३९ मध्ये फ्रान्समध्ये जन्मले. राजकारणामुळे वडिलांना देश सोडावा लागला, त्यामुळे मुलाचं शिक्षण इंग्लंडमध्ये सुरू झालं. पुढे पॅरिसला येऊन ते १८६० मध्ये इंजिनीअर झाले आणि रेल्वेत लागले. तेव्हा तारयंत्रं ज्या बॅटऱ्यांवर चालत, त्यांतल्या अनेकांत गंधकाम्ल किंवा नायट्रिक आम्ल असे. भांडं फुटलं की हात भाजलाच. नेपोलियन तिसऱ्याच्या राजवटीशी न पटल्याने लेक्लांशे ब्रसेल्सला गेले आणि तिथेच त्यांनी यावर तोडगा काढला. काचेची बरणी, जस्ताची कांडी, नवसागराचं पाणी आणि मँगनीज डायऑक्साइड. जहाल आम्ल नाहीच! १८६६ मध्ये पेटंट मिळालं आणि बेल्जियमच्या तारखात्याने हा सेल लगेच उचलला. (यातलं मँगनीज विदर्भाला परकं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचं खनिज ड्राय सेलसाठी वापरलं जातं.)

राजवट कोसळल्यावर ते पॅरिसला परतले. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला ग्रॅहम बेल यांनी विजेचं यंत्र वापरलं, तेव्हा लेक्लांशे हयात होते. ते यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टरचं एक आद्य रूप. गोळी मात्र सापडली नाही. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४२ व्या वर्षी लेक्लांशे गेले.

बरणीतलं पाणी आटवून 'कोरडा' सेल बनवण्याचं काम जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी १८८६ च्या सुमारास केलं. त्यात जस्ताची कांडी गेली आणि जस्ताचंच डबडं आलं. स्वस्त पेन्सिल सेल आजही असाच असतो. वीज देताना डबडंच झिजतं, मग भोक पडून रस बाहेर येतो. ९ व्होल्टच्या बॅटरीत दीड व्होल्टचे ६ छोटे सेल असतात. त्यातला एक आधी संपला तरी गळती सुरू होऊ शकते.

म्हणून वेष्टनावर 'अल्कलाइन' लिहिलेलं पाहून घ्या. ती जास्त टिकते आणि गळण्याची शक्यता कमी असते. पण गळलीच, तर तिचा रस त्वचेला आणि डोळ्यांना घातक असतो. हात लागला तर भरपूर पाण्याने धुवा. साधी किंवा अल्कलाइन बॅटरी चार्जरला लावू नका. रिचार्जेबल घ्यायची असेल तर व्होल्टेज वाचा. निकेल प्रकारात ते बऱ्याचदा ८.४ असतं आणि काही डिटेक्टर त्यावर लवकर 'लो बॅटरी' दाखवतात. डिटेक्टर पेन्सिल सेलवर चालत असेल तर सगळे सेल एकदम बदला, जुना-नवा मेळ नको. डिटेक्टर महिनाभर कपाटात ठेवणार असाल, तर बॅटरी काढून ठेवा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. खिशात ती किल्ल्यांना टेकली तर तापते, आगही लागू शकते. टाकून देताना टोकांवर चिकटपट्टी लावा.