मजूरमंत्री बाबासाहेब आणि आपला दवाखाना



दरवर्षी ३१ जुलैला आम्ही लळिंगला जातो. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यात आले होते, त्या भेटीच्या आठवणीसाठी लांडोर बंगल्यावर खान्देशभरातून माणसे जमतात. भाषणांत संविधान येते, धम्म येतो, आरक्षण येते. दवाखाना येत नाही. आम्ही जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत काम करतो आणि कर्जाची चौकशी केली की बहुतेक घरांत आधी आजारपणच निघते.

बाबासाहेबांच्या घरानेही हे भोगले होते. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला आणि दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या.

शिक्षणासाठी ते ज्या दोन देशांत राहिले, त्यांनी पुढे आरोग्यसेवेचे दोन अगदी वेगळे रस्ते धरले. ते १९१३ ला न्यूयॉर्कला गेले तेव्हा अमेरिकेत कामगारांसाठी आजारपणाचा सरकारी विमा नव्हता. आजही तिथे अनेकांची नोकरी सुटली की विमाही सुटतो. ब्रिटनमध्ये मात्र १९११ च्या कायद्याने कामगार, मालक आणि सरकार यांच्या वर्गणीतून आजारपणाचा विमा सुरू झाला होता. जर्मनीने तर १८८३ मध्येच सुरुवात केली होती.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, म्हणून हा भार बराचसा सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. पण सरकार उचलत नाही म्हणून मालक मोकळा सुटत नाही, कारण बाईच्या श्रमावर नफा तोच कमावतो. पुढच्याच वर्षी कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला जाऊन कोळशाच्या खाणीत उतरले. १९४४ मध्ये खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवला आणि त्या पैशातून पुढे धनबाद, आसनसोलला इस्पितळे झाली. म्हणजे पैसा कोळशातून आला, आजाऱ्याच्या खिशातून नाही. याच काळात युद्धाच्या निकडीपोटी बायकांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी उठवली गेली आणि त्यांना मंत्री म्हणून तिचे समर्थन करावे लागले, हेही आपण लपवू नये. १९४६ मध्ये ती बंदी परत आली.

ईएसआयबद्दल आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲपवर फार सोपी वाक्ये फिरतात. झाले ते असे: १९४३ मध्ये प्रा. आडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. दोन्ही गोष्टी बाबासाहेबांच्या खात्यात घडल्या. विधेयक मात्र त्यांनी खाते सोडल्यावर मांडले गेले आणि एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला. पायाभरणीचे श्रेय मोठे आहे, ते फुगवायची गरज नाही. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनने एक पाऊल पुढे टाकले: करातून चालणारी, सर्वांसाठी खुली राष्ट्रीय आरोग्य सेवा. भोर समितीने १९४६ मध्ये आपल्याकडेही साधारण तेच सुचवले होते, पैसे नाहीत म्हणून कोणाचा उपचार अडू नये. आपण मात्र कारखान्याच्या फाटकापर्यंतच गेलो.

१९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. सार्वजनिक आरोग्य अनुच्छेद ४७ मध्ये आले, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून, ज्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही.

आज सरकारचा पैसा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खासगी रुग्णालयांकडेही जातो. मोठ्या शस्त्रक्रियेला तिचा आधार आहे, हे आम्ही रोज बघतो. पण ताप, डायबिटीस, बीपीच्या रोजच्या गोळ्या यांना सरकारी दवाखानाच लागतो. धुळ्यात १९८९ पासून आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यांच्या ओपीडीच्या रांगेत आपलीच माणसे उभी असतात. ईएसआय दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला आणि २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू होते. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड वाहणारा मजूर त्यात बसत नाही. जिनिंगमधला कंत्राटी कामगार बसू शकतो, पण त्याला ते कोणी सांगत नाही. मागच्या हंगामात आम्ही एका जिनिंगच्या कामगारांना ईएसआय नंबर विचारला, तर अर्ध्यांना तो पीएफचा नंबर वाटला.

येत्या ३१ जुलैला लळिंगच्या पायथ्याशी आम्ही एक टेबल मांडणार आहोत. येताना पगाराची पावती आणा. त्यावर ०.७५ टक्के कपात दिसत असेल, तर तुमचे कार्ड कुठे आहे ते आपण मिळून शोधू.