बाळू पालवणकर आणि मैदानाचा सातबारा

बाभुळगावातल्या वस्तीतली काही पोरे मध्यंतरी आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली. क्रीडांगण विकासासाठी शासनाचे अनुदान मिळते, हे त्यांना कुठून तरी कळले होते. मंडळ होते, उत्साह होता, खेळणारे हातपाय होते. आम्ही जागेचा सातबारा विचारला आणि सगळे गप्प झाले. ज्याच्याकडे मैदान आहे त्यालाच मैदानासाठी पैसा, असा हा हिशेब. त्या दिवशी आम्ही त्या पोरांना एका खेळाडूची कहाणी सांगितली. तीच आज समाजबांधवांपुढे ठेवतो.

बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले. घराणे मूळचे कोकणातले, जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करात होते, म्हणून बालपण पुण्यात गेले. मैदानावर बाळूंचा प्रवेश खेळाडू म्हणून झाला नाही. पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये झाले. जाळ्या लावणे, रेषा आखणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे काम. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेई आणि बाद झाला की आठ आणे देई, अशी आठवण सांगतात. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. चेंडू टाकणे ही मजुरी होती, बॅट धरणे हा मान होता.

या मजुरीतूनच डावखुऱ्या फिरकीचा एक थोर गोलंदाज घडला. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. चहाची वेळ झाली की मात्र त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. मनुवाद किती हिशेबी असतो, हे यावरून ओळखावे.

पुढे बाळू मुंबईला गेले. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर १८९० च्या आगेमागे इंग्रज सरकारने जिमखान्यांना जागा दिल्या होत्या. पारशांना मिळाली, मुसलमानांना मिळाली, हिंदूंना मिळाली. ज्याला जागा त्याचा संघ, असेच त्या काळचे क्रिकेट होते. अस्पृश्यांच्या नावे एक गुंठाही नव्हता. त्यामुळे बाळूंना आणि त्यांच्या शिवराम, गणपत, विठ्ठल या भावांना खेळायचे तर हिंदू जिमखान्याच्याच दारातून जावे लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला हरवले, त्यात बाळूंचे ८ बळी होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले.

इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. वर्षे सरत गेली, कर्णधार सवर्णच राहिला. १९२० मध्ये त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधार केले गेले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले. हे कुणाच्या औदार्याने घडलेले नाही. त्यामागे भावाभावांची एकजूट होती.

कहाणीचा पुढचा भाग आपल्याला रुचणारा नाही, पण तो लपवणेही योग्य नाही. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर प्रत्यक्ष बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. यावरून त्यांना शिव्या देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत. आम्ही वेगळे म्हणतो. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या मैदानावर खेळावे लागले, तो राजकारणातही दुसऱ्याच्याच मैदानावर उभा राहिला. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. गुण त्यांचा होता, घाम त्यांचा होता, जागा तेवढी परक्याची होती.

बांधवांनो, बाभुळगावच्या पोरांनी यातून काय घ्यावे? अनुदान ही दुसरी पायरी आहे, पहिली पायरी जागा. मंडळाची रीतसर नोंदणी करा, दरवर्षीचा हिशेब सादर करा. ग्रामपंचायत असो की नगर पंचायत, वस्तीजवळची मोकळी जागा खेळासाठी राखून ठेवण्याची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनाला कोर्टात किंमत नसते. आणि १४ एप्रिलच्या वर्गणीतला डीजेवर उडणारा पैसा थोडा वाचवून व्हॉलीबॉलची जाळी आणि कबड्डीची चटई घ्या. ही कागदपत्रे तयार करायला आम्ही फी घेणार नाही.

बाळूंनी दुसऱ्यांच्या खेळपट्टीवर रोलर फिरवला. आपल्या पोरांनी तो आपल्या मैदानावर फिरवावा, एवढीच आमची इच्छा आहे.